आकाशीची वार्ता, भूमीवरची साक्ष

तापीच्या खोऱ्यातील, बुऱ्हाणपूरजवळचे फोपनार हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस १९६४ पासून परिचित आहे. त्या वर्षी तेथे बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्ती भूमीतून निघाल्या. मूर्ती हाती घेता येते. तिचा धातू तपासता येतो, घडणीवरून काळ ठरविता येतो. आकाशातील वस्तूंचे तसे नाही. चंद्रावर कोण उतरले, उपग्रह कोठे फिरतो, हे आपणां साऱ्यांस कोणाच्या तरी शब्दावर मानावे लागते. त्या शब्दावरचा विश्वास डळमळला, की त्याच फटीतून अफवा आत शिरते.

युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईसही येऊन गेला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत, मकर राशीत अष्टग्रही योग आला आणि प्रलयाच्या धास्तीने देशभर होमहवने झाली. त्या आठांत सूर्यचंद्र धरून गोल सातच. आठवा केतू म्हणजे चंद्रमार्ग व सूर्यमार्ग यांचा निव्वळ छेदनबिंदू! प्रलय झाला नाही. मात्र भाकीत खोटे ठरले असे मानण्याऐवजी यज्ञांनी अरिष्ट टळले, असेच अनेकांनी मानले. अफवेचे बळ आम्हांस येथे दिसते. घडले तरी ती खरी, न घडले तरी खरीच.

स्कायलॅबच्या वेळची भीती मात्र निराधार नव्हती. ७७ टनांची ती अमेरिकन प्रयोगशाळा कोसळणार हे निश्चित होते, कोठे हे कोणासच सांगता येत नव्हते. तिच्या तुकड्याने कोणास इजा होण्याचा संभव १५२ मध्ये १ असा खुद्द नासानेच वर्तविला होता. ११ जुलै १९७९ रोजी तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्या दिवसांत आपल्याकडे घाबरलेल्यांस अडाणी म्हणून हसणे आम्हांस योग्य वाटत नाही.

चंद्राची कथा निराळी. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे वीर तेथे उतरले. पुढे व्हिएतनामचे युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांनी अमेरिकन जनतेचा सरकारवरील विश्वास पार खचविला, आणि १९७६ मध्ये बिल केसिंग याने हा सारा बनाव असल्याचे पुस्तक स्वतःच छापून काढले. निशाण हवेविना कसे हलले, हा त्या पक्षाचा आवडता प्रश्न. निशाणास वरून आडवी दांडी होती. हाताने हलविलेले कापड थांबविण्यास तेथे हवाच नव्हती. सहा मोहिमांनी आणलेले ३८२ किलो दगडमातीचे नमुने आहेत. शिवाय आपल्याच चांद्रयान २ ने २०२१ मध्ये अपोलो ११ चे उतरण्याचे ठिकाण टिपले आहे.

आता आपल्या देवळांकडे येऊ. कारैकाल जवळील तिरुनळ्ळारच्या शनिमंदिरावरून जाताना उपग्रह तीन सेकंद थबकतात व नासाही चकित झाली, अशी वार्ता बरीच वर्षे फिरते आहे. पृथ्वीलगतचा उपग्रह सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. या वेगामुळेच तो खाली येत नाही. तो थबकला तर पडू लागेल. मौज अशी, की चंद्राच्या बाबतीत नासास लबाड म्हणणारा गृहस्थही मंदिराचे माहात्म्य सांगताना तिचीच साक्ष काढतो! दुसऱ्या बाजूसही हा दोष आहेच. अवकाशात देव दिसला नाही, हे वाक्य गागारिनच्या तोंडी घातले जाते. त्याच्या उड्डाणातील संभाषणाच्या नोंदीत ते नाही.

देवस्थानाच्या नावाने अशी वार्ता पुढे धाडताना आपण त्या स्थानाची पतच गहाण ठेवीत असतो, आणि ती सोडविण्याचे काम पुढच्या पिढीवर पडते. सुमारे अडीच वर्षांनी शनी राशी पालटतो तेव्हा तिरुनळ्ळारला यात्रेकरूंची रीघ लागते. नळराजाची कथा सांगत तेथील तीर्थात स्नान करणाऱ्यांनी नासाचे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून ती वाट तुडविलेली आहे.