एका बिऱ्हाडातील दोन कवी

घरात एकच लिहिणारा असला म्हणजे बाकीची माणसे हळूहळू त्याच्या सोयीने वागायला शिकतात. मुले आवाज चढवीत नाहीत, भेटीस आलेल्याला ओटीवरच बसवून ठेवले जाते. परंतु नवरा आणि बायको दोघेही लिहिणारी निघाली, तर कोणी कोणासाठी आवाज खाली करावयाचा? एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्समधील एका बिऱ्हाडात हा प्रश्न चौदा वर्षे उभा होता. ते बिऱ्हाड रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट या कविदंपतीचे.

लग्नापूर्वी एलिझाबेथला स्वतंत्र खोली नव्हती असे मुळीच नाही. लंडनमधील विंपोल स्ट्रीटवरच्या वडिलांच्या घरी तिला खोलीवाचून दुसरे काही नव्हतेच म्हणा ना! दुखणाईत म्हणून ती वर्षानुवर्षे त्या खोलीत पडून असे; सोबतीला पुस्तके आणि फ्लश नावाचा कुत्रा. तिच्या कविता वाचून जानेवारी १८४५ मध्ये रॉबर्टने पहिले पत्र लिहिले. आपल्या अपत्यांपैकी कोणाचेही लग्न होणे वडिलांना मान्य नव्हते. १२ सप्टेंबर १८४६ रोजी या दोघांनी गुपचूप लग्न केले आणि आठवड्याभरातच इटलीची वाट धरली. वडिलांनी मुलीचे तोंड पुन्हा पाहिले नाही. तिची पत्रेही त्यांनी उघडली नाहीत.

फ्लॉरेन्सला सान फेलीचे चर्चसमोर ‘कासा ग्वीदी’ नावाच्या वाड्यात १८४७ साली ती दोघे राहावयास आली. पुढच्या वर्षी त्यांनी तेथेच सहा खोल्या आणि स्वयंपाकघर असे बिनसामानाचे बिऱ्हाड वर्षाला पंचवीस गिनींनी घेतले. इंग्लंडात एवढ्या भाड्यात असे घर मिळते ना!

आता या घरातील वाटणी पाहा. तेथे येऊन गेलेल्या केट फील्ड या अमेरिकन लेखिकेने १८६१ साली जे वर्णन लिहिले, त्यात प्लॅस्टरच्या प्रतिमांनी भरलेली लांबट खोली ही रॉबर्टची एकांताची जागा आहे. एलिझाबेथ मात्र दिवाणखान्यात, दाराजवळच्या बुटक्या आरामखुर्चीत बसे. शेजारी लहानसे टेबल, त्यावर लेखनसाहित्य, पुस्तके व वर्तमानपत्रे. ती पेन्सिलीने कागदाच्या तुकड्यांवर लिही आणि कोणी आले की तुकडे उशाखाली सारी, असे आठवणींतून आढळते. १८४९ मध्ये मुलगा झाला, तेव्हापासून त्याचे खेळणे व धडे गिरवणेही तिच्या अवतीभोवतीच. आणि ही बाई काही हौशी कवयित्री नव्हती. १८५० साली इंग्लंडच्या राजकवीची जागा रिकामी झाली, तेव्हा तिचे नाव वर्तमानपत्रात सुचविले गेले होते, नवऱ्याचे नाही.

मग भिंतीवाचून तिचा एकांत उभा राहिला कशावर? एका करारावर. काम पुरे होईपर्यंत एकमेकांना दाखवावयाचे नाही, असा दोघांचा रिवाज होता. कलावंताला एकांत मिळाला नाही तर त्याने तो निर्माण केला पाहिजे, असे तिने एका पत्रात म्हटले आहे. रॉबर्टवर तिने लिहिलेली सुनीते सर्वांना ठाऊक आहेत. पीसा येथे न्याहारीनंतर तिने ती त्याच्या खिशात सारली आणि पळ काढला, ही एडमंड गॉस याने सांगितलेली कथा रम्य आहे, पण खरी नव्हे. रॉबर्टनेच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे ती त्याच्या दृष्टीस पडली १८४९ मध्ये, बान्यी दी लुक्का येथे. स्वतःचे प्रेम काव्यात आणण्याविरुद्ध तो पूर्वी काही बोलला होता. तेवढ्या बोलण्याने तिने ती सुमारे तीन वर्षे लपविली. संसारात एवढा आडपडदा मला तरी प्रेमाचाच प्रकार वाटतो.

दार बंद करण्याची सोय असलेल्या रॉबर्टचे मात्र विचित्र. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत १८५० चे एक छोटे पुस्तक आणि १८५५ चा ‘मेन अँड विमेन’ हा संग्रह, एवढाच त्याचा मुख्य पसारा. त्यानंतर तर तो फारच मंदावला. १८६१ च्या वसंतात रोमहून नणंदेला लिहिलेल्या पत्रात एलिझाबेथ याची हकीकत देते. तीन खिडक्यांची उजेडाची खोली त्याच्यासाठी राखून ठेवली आहे. पण आदल्या उन्हाळ्यातही त्याला खोली होतीच, आणि त्याने काहीच लिहिले नाही! तो जाई शिल्पकार स्टोरीच्या कार्यशाळेत माती घडवावयास. टेनिसनसारखे रोज ठराविक वेळी लिहावयास बसावे, हे तिचे म्हणणे त्याला पटत नसे. तिने आग्रह धरला, पण ताणला नाही. इकडे तिचे स्वतःचे नऊ सर्गांचे ‘ऑरोरा ली’ १८५६ मध्ये पुरे झाले होते. स्वतःच्या लेखणीवर जगू पाहणाऱ्या एका कवयित्रीची ती कथा आहे.

स्त्रीला खोलीची गरज नाही, असा अर्थ यातून कोणी काढू नये. तिच्या खुर्चीभोवतीचा एकांत दुसऱ्या एका बाईने राखला होता. तिचे नाव एलिझाबेथ विल्सन. ही दासी मालकिणीबरोबर लंडनहून निघाली, ती आजारी मालकिणीची शुश्रूषा आणि पुढे मुलाचे संगोपन करीत राहिली. तिने घरच्याच इटालियन सेवकाशी लग्न केले. १८५५ मध्ये इंग्लंडात तिला मुलगा झाला, तेव्हा त्याला बहिणीपाशी ठेवून ती ब्राउनिंगांच्या मुलाकडे परतली. ‘ऑरोरा ली’ची पाने लिहून होत होती ती याच महिन्यांत. चरित्रकारांनी हिला फार उशिरा जागा दिली.

२९ जून १८६१ रोजी एलिझाबेथ कासा ग्वीदीतच वारली. १ ऑगस्टला रॉबर्टने फ्लॉरेन्स सोडले, आणि तो तेथे पुन्हा कधी गेला नाही. आदल्या वर्षी त्या शहरातल्या बाजारात एका लिऱ्याला घेतलेल्या जुन्या खटल्याच्या कागदांतून ‘द रिंग अँड द बुक’ हे त्याचे सर्वांत मोठे काव्य पुढे लंडनच्या घरी लिहिले गेले. ते १८६८-६९ मध्ये प्रसिद्ध झाले. जाण्यापूर्वी त्याने मिन्याती नावाच्या चित्रकाराकडून दिवाणखान्याचे चित्र काढवून घेतले होते, वस्तू होत्या तशाच ठेवून.