तर्कशास्त्र, ईश्वर आणि एक सही

या व्याख्यानाचा विषय ऐकून एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "अहो, युनियनचे काम करता करता हे अकराव्या शतकातले पाद्री कोठून गाठलेत?" प्रश्न वाजवी आहे. आमचे निम्मे आयुष्य लोकांकडून दडपणाने सह्या घेणारांशी भांडण्यात गेले, आणि आज ज्या वादाविषयी आम्ही बोलणार आहोत त्याच्या मधोमध अशीच एक सही आहे.

पश्चिमेत रोमन साम्राज्य कोसळले तेव्हा ग्रीक विद्याही बहुतेक लोपली. उरली ती बोएथियसने लॅटिनमध्ये आणलेली ॲरिस्टॉटलची तर्कशास्त्रावरची थोडी पुस्तके. हा बोएथियस राजद्रोहाच्या आरोपावरून इ. स. ५२४ च्या सुमारास मारला गेला. पुढे पाच शतके मठांतल्या शाळा याच तुटपुंज्या भांडवलावर चालल्या. द्रव्य कशास म्हणावे, गुण कशास म्हणावे, विधान खरे केव्हा ठरते, एवढीच काय ती सामग्री. परंतु नव्या उमेदवाराच्या हाती पाना आला की तो दिसेल तो नट फिरवून पाहतो. अकराव्या शतकात हा पाना थेट वेदीवरच्या भाकरीला लागला.

लावणारा होता बेरेंगार, फ्रान्समधील तूर येथील सेंट मार्टिनच्या शाळेचा प्रमुख. प्रभुभोजनाच्या विधीत पुरोहित भाकरी हाती घेतो आणि ती ख्रिस्ताचे शरीर म्हणून भाविकांना देतो. मग ती भाकरी भाकरी राहते की नाही? बेरेंगारचे म्हणणे असे : रंग, चव, आकार तर जसेच्या तसे दिसतात, गुण द्रव्यावाचून अधांतरी लोंबकळत नाहीत, म्हणजे भाकरी आहेच, ख्रिस्ताचे सान्निध्य आहे ते आत्मिक. शिवाय तो व्याकरणाचा मुद्दा काढी. 'हे माझे शरीर आहे' या वाक्यातले 'हे' म्हणजे भाकरी. वाक्य पुरे होता होता ती नाहीशीच झाली, तर वाक्याचा कर्ताच गेला. मग विधान कोणाविषयी? विधी खोटा आहे, असे तो म्हणत नव्हता, हे ध्यानात घ्यावयास हवे. देवाने माणसाला आपली प्रतिमा दिली ती बुद्धीच्या रूपाने, म्हणून बुद्धीचा आश्रय सोडणे हाच देवाचा अवमान, अशी त्याची श्रद्धा होती.

१०५० साली रोममध्ये त्याच्या गैरहजेरीतच त्याला दोषी ठरविण्यात आले. १०५९ साली दुसऱ्या निकोलस पोपने भरविलेल्या सभेत त्याला उभे केले. मसुदा कार्डिनल हंबर्टने तयार ठेवला होता. ख्रिस्ताचे खरे शरीर पुरोहिताच्या हातांनी हाताळले जाते आणि भाविकांच्या दातांनी चावले जाते, असा त्यातला मजकूर. बेरेंगारने तो वाचला, सही केली, आणि आपले ग्रंथ आगीत टाकले. मौज अशी की मसुदा इतका ओबडधोबड होता, की पुढे सनातनी पंडितांनाच त्याचा अर्थ सावरून घेता घेता पुरेवाट झाली.

घरी परतताच बेरेंगारने ती सही झिडकारली. १०७९ साली सातव्या ग्रेगरीपुढे पुन्हा तेच : नवा मसुदा, पुन्हा सही, पुन्हा पश्चात्ताप. काही इतिहासकार त्याला डळमळीत म्हणतात. आम्ही म्हणणार नाही. फाटकाबाहेर महिनाभर बसलेल्या माणसाने लिहून दिलेली माफीपत्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांवरून त्याच्या घरची चूल कळते, मत कळत नाही. १०८८ साली तूरजवळच्या सेंट कोम बेटावर तो वारला. त्याचे सविस्तर उत्तर वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात लेसिंगला सापडले, ते १७७० साली.

ते उत्तर ज्याला होते तो लॅनफ्रँक स्वतः निष्णात तार्किक होता. त्याचा शिष्य अँसेल्म हा नॉर्मंडीतील बेक मठाचा. शास्त्रवचनाचा आधार न घेता केवळ युक्तिवादाने ईश्वराविषयी लिहा, असा तेथील भिक्षूंनी आग्रह धरला, आणि १०७६ साली त्याने तसे पुस्तक लिहिले. गुरूला ते रुचले नाही. शिष्याने ते बदललेही नाही. वर्ष-दोन वर्षांत त्याने आपली प्रसिद्ध कोटी मांडली : ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर, तो केवळ मनात असेल, तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर कल्पिता येईल, म्हणून तो प्रत्यक्षात आहेच.

याला हरकत घेतली ती गॉनिलो या भिक्षूने, तोही तूरच्याच शेजारच्या मार्मूतिए मठातला. स्वतः श्रद्धावान असून त्याने नास्तिकाचे वकीलपत्र घेतले. सर्वांत उत्तम असे एखादे हरवलेले बेट मी कल्पिले, तर तेवढ्यावरून ते समुद्रात कोठे तरी आहे असे ठरेल काय? बेट कितीही उत्तम असले तरी ते नाही असे कल्पिता येते, ईश्वराचे तसे नाही, असे अँसेल्मचे उत्तर. आम्हांला गॉनिलोचे पारडे जड वाटते. पण अँसेल्मने केले काय? ती हरकत आणि आपले उत्तर, दोन्ही आपल्या पुस्तकाच्या शेवटी नकलून ठेवावयास सांगितले. गॉनिलोचे नाव आज आपणांस ठाऊक आहे ते त्यामुळेच.

आता याच अँसेल्मची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोसेलिन नावाच्या तार्किकाने १०९० च्या सुमारास पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रयीला तोच पाना लावला. तेव्हा अँसेल्मने बिशप फुल्कला लिहिले, की याच्याकडून युक्तिवाद मागूच नका; मत सोड एवढेच सांगा. स्वासों येथील सभेत रोसेलिनने मत सोडले. प्रकरण मिटले असे समजून अँसेल्मने हाती घेतलेले उत्तर अर्धवट ठेवले. मग त्याच्या कानी आले, की लोक मारून टाकतील या भयानेच आपण कबूल झालो, असे रोसेलिन सांगत फिरतो आहे. तेव्हा अँसेल्मने बाजूला ठेवलेली लेखणी पुन्हा हाती घेतली.