संगणकाच्या पाठीमागचा इतिहास

टेबलावरील संगणकाचें तोंड सर्वांच्या परिचयाचें असतें. त्याची पाठ मात्र घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगीच काय ती पाहते, आणि तीहि दुसरा मॉनिटर अथवा डोळ्यांवर बांधावयाचा आभासी वास्तवाचा हेडसेट जोडावयाचा असला म्हणजे. तेथें निरनिराळ्या घाटांच्या खांचा शेजारीं शेजारीं दिसतात, आणि हातांतील केबलीचें टोंक त्यांपैकीं नेमक्या एकींतच शिरतें. ही व्यवस्था कोणीं शांतपणें बसून आंखली असेल असें समजूं नये. जुन्या किल्ल्याच्या तटांत एका राजवटीच्या घडीव चिऱ्यांवर दुसरीची विटांची डागडुजी आढळते, त्यांतलाच हा प्रकार आहे. आमच्या मतें हा सारा इतिहास एका प्रश्नाभोंवतीं फिरतो: तारेच्या दुसऱ्या टोंकाला कोण आहे, हें यंत्राला कळावें कसें?

१९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां यंत्राला हें जवळजवळ कळतच नसे. त्याबरोबर पडद्यासाठीं दोन प्रकारचीं कार्डें मिळत. एक एकरंगी अक्षरांचें, दुसरें रंगीत चित्रांचें. दोहोंच्या मागें नऊ पिनांची एकाच घाटाची खांच असे, परंतु आंतून धांवणारे संकेत भिन्न. एकरंगी मॉनिटर चुकून रंगीत कार्डाला लावला तर तो बिघडण्याचें भय होतें. मौज अशी कीं, हीं दोन्ही कार्डें एकाच संगणकांत सुखानें नांदत. म्हणजे एका यंत्रावर दोन पडदे ही चैन अगदीं प्रारंभापासूनच शक्य होती. १९८७ त त्याच कंपनीनें पंधरा पिनांची व्हीजीए खांच काढली, आणि ती पाव शतकाहून अधिक काळ तग धरून राहिली.

खरी क्रांति झाली ती १९९४ त, आणि तीहि गाजावाजा न होतां. मॉनिटरनें आपली ओळख आपणच सांगावी, असा नियम व्हेसा या संस्थेनें घालून दिला. त्यानुसार मॉनिटरच्या पोटांत १२८ बाइटांचा एक चिमुकला लेख असतो. कर्ता कोण, कोणत्या मापाचें चित्र झेपतें, इत्यादि मजकूर त्यांत असतो व संगणक तो तारेवरूनच वाचतो. जाहिरातींत या लेखाचें नांव कधीं आलें नाहीं, पण पुढील सर्व सोय त्यावर उभी आहे. विंडोज ९८ मध्यें एका संगणकाला नऊ मॉनिटरांपर्यंत मजल मारतां येऊं लागली. डीव्हीआय (१९९९), एचडीएमआय (२००२) व डिस्प्लेपोर्ट (२००६) या खांचा मागाहून आल्या. घाट बदलले, ओळखपत्राची चाल कायम राहिली.

हें झालें टेबलावरच्या पडद्यांचें. डोक्यावरच्या पडद्याचा वंश निराळा, आणि वयानें वडील. आयव्हन सदरलंड यांनीं हार्वर्ड व पुढें युटा विद्यापीठांत सिद्ध केलेल्या अशा यंत्राचें वर्णन १९६८ सालीं प्रसिद्ध केलें. दोन डोळ्यांसमोर दोन लहान चित्रनळ्या, आणि डोक्यापासून छतापर्यंत गेलेला एक दांडा. दिसत त्या नुसत्या रेषा. परंतु डोकें वळलें कीं रेषांची आकृति त्याप्रमाणें बदले, कारण डोक्याची दिशा त्या दांड्यावरून यंत्राला समजे. येथें मुख्य भेद ध्यानांत येतो. मॉनिटरला चित्र पुरवलें कीं भागतें; हेडसेटाकडून मात्र उलट दिशेनें क्षणोक्षणीं वार्ता यावी लागते. ती उशिरां पोंचली तर पाहणाराला घेरी येऊं लागते.

हा भेद २०१३ त कांहीं काळ विसरला गेला, असेंच म्हणावें लागतें. ऑक्युलस कंपनीनें आदल्या वर्षीं अडीच लाख डॉलरांची लोकवर्गणी मागून सुमारें चोवीस लाख मिळविली होती. तिचा प्रयोगासाठीं काढलेला पहिला हेडसेट संगणकाला सांगे, ‘मी मॉनिटर आहें.’ संगणकानेंहि विश्वास ठेवला! त्याच्या हिशेबीं टेबल आणखी रुंद झालें. माउसचा बाण त्या अदृश्य पडद्यांत नाहींसा होई, खिडक्या तिकडे जाऊन बसत. २०१४ पासून हेडसेटाला या मांडणीबाहेर ठेवून थेट चित्र पुरविण्याची सोय झाली, तेव्हां हा घोटाळा ओसरला.

पण खांचांचा प्रश्न उरलाच. २०१६ चा रिफ्ट सेकंदाला ९० चित्रें मागे, म्हणजे प्रत्येकासाठीं अवघे अकरा मिलिसेकंद. त्याला एचडीएमआयची एक खांच लागे, व वार्तेसाठीं यूएसबीच्या अनेक. त्या वर्षींच्या जीटीएक्स १०८० या ग्राफिक्स कार्डाच्या मूळ नमुन्यावर एचडीएमआय एकच, डिस्प्लेपोर्ट तीन. मग एचडीएमआयवर बसलेल्या मॉनिटरला उठवून डिस्प्लेपोर्टवर बसवावें लागे. मदरबोर्डावर आणखी एक एचडीएमआय दिसे खरी, पण ती ग्राफिक्स कार्डाची नसल्यानें तेथें हेडसेट लावून उपयोग नसे.

या जंजाळावर उपाय म्हणून जुलै २०१८ त एनव्हिडिया, एएमडी, मायक्रोसॉफ्ट, व्हॉल्व्ह व ऑक्युलस यांनीं व्हर्च्युअललिंक नांवाची योजना जाहीर केली: चित्र, वार्ता व वीज हीं तिन्हीं एकाच यूएसबी-सी तारेंतून. कल्पना उत्तम होती. परंतु पुढच्याच वर्षीं त्यांतील दोघांनीं काढलेले हेडसेट, रिफ्ट एस व इंडेक्स, डिस्प्लेपोर्टची केबल घेऊन आले. आणि २०२० त एनव्हिडियानें आपल्या नव्या कार्डांवरून ती खांच काढून टाकली. कर्त्यांनींच करार पाळला नाहीं, त्याचा भुर्दंड मात्र त्या खांचेच्या भरंवशावर कार्ड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बसला. हें आम्हांला मुळींच शोभनीय वाटत नाहीं.

२०२३ त सोनी कंपनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ आला तो एकाच यूएसबी-सी तारेचा. त्याला टेबलावरच्या संगणकाशीं जोडण्यासाठीं ऑगस्ट २०२४ मध्यें कंपनीनें एक लहान पेटी विकावयास काढली. हेडसेटाची ती एक तार या पेटींत शिरते, आणि दुसऱ्या बाजूस पुन्हां तीन निघतात: एक यूएसबीची, एक विजेची व एक डिस्प्लेपोर्टची. पैकीं डिस्प्लेपोर्टची केबल पेटीबरोबर मिळत नसे. ती ज्यानें त्यानें निराळी विकत घ्यावयाची होती.