स्वस्ताईचे दिवस आणि मोडलेल्या पाटल्या

आपल्या घरांतील वडीलधारी माणसे जुन्या काळाविषयी बोलू लागली की ‘स्वस्ताई’ हा शब्द हमखास निघत असे. रुपयाला इतके शेर तांदूळ, आण्याला इतके नारळ, ईदचा सदरा इतक्या पैशांत शिवून मिळे, असा हिशेब आमचे दादा बोटांवर करून दाखवत. आम्ही मुले तोंडात बोट घालून ऐकत असू. दादी मात्र त्या गप्पांत भाग घेत नसे. कुणी फारच स्वस्ताईचे कौतुक केले, तर ती एवढेच म्हणे, “होती बाबा स्वस्ताई. सव्वापाच तोळ्यांच्या पाटल्या गेल्या माझ्या त्या स्वस्ताईत.”

पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा दादा आणि दादी एकाच काळाविषयी बोलत होते हे लक्षात आले. तो काळ १९२९ नंतरच्या जागतिक मंदीचा. जगाच्या इतिहासात त्याची नोंद शेअर बाजार, बँका आणि बेकारांच्या रांगा अशी होते. आपल्याकडे ती मंदी घराच्या उंबरठ्याच्या आत कशी आली, कुणाच्या ताटातून काय गेले आणि कुणाच्या हातातून काय उतरले, याची नोंद फारशी कुणी केली नाही. आम्हा मराठी मुसलमानांच्या इतिहासलेखनात तर राजे, सुभेदार, सूफी आणि पुढारी यांनीच जागा अडवली आहे. चूल त्यात कुठे सापडत नाही. म्हणून हा विषय घेतला.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्याचा आमच्या खाडीकाठच्या गावाशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध दोन वाटांनी आला. पहिली वाट शेतमालाची. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर १९२९ मध्ये तो १४१ होता आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. म्हणजे पिकवणाऱ्याच्या हाती येणारा पैसा चार वर्षांत जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटला. सरकारी धारा आणि सावकाराचे व्याज मात्र रुपयांतच ठरलेले होते. ते काही त्या प्रमाणात खाली आले नाही. जे देणे पूर्वी एक मण धान्य विकून फिटे, त्यासाठी आता दीड मणाहून अधिक विकावे लागू लागले.

दुसरी वाट समुद्राची. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील किती तरी कोकणी मुसलमान घरांची चूल आगबोटींवर पेटत असे. पुरुष खलाशी, आगवाले, भंडारी म्हणून बोटींवर जात आणि मुंबईहून मनिऑर्डर येई. १९२९ ते १९३३ या काळात जगाचा व्यापार मूल्याने सुमारे एक तृतीयांश उरला. माल नाही तर बोट कशाला? बोटी बंदरांत उभ्या राहिल्या आणि माणसे मुंबईत गाववाल्यांच्या सामायिक खोलीत पुढच्या नोकरीची वाट पाहत बसली. आमचे दादा त्यांतलेच एक. मनिऑर्डर आधी लहान झाली, मग महिन्याआड झाली आणि मग पोस्टमन दारावरून सरळ पुढे जाऊ लागला.

आता स्वस्ताईचे कोडे पाहू. किमती खाली आल्या म्हणजे जगणे सोपे झाले, असे वाटते. ज्याची नोकरी टिकली आणि पगार कापला गेला नाही, त्याच्यापुरते ते खरेही होते. मुंबईच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी दोनदा केली, एकदा १९२१-२२ मध्ये आणि पुन्हा ऐन मंदीत १९३२-३३ मध्ये. या दोन पाहण्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पहिल्या पाहणीत शंभर रुपयांच्या खर्चातील ५६.८ रुपये अन्नावर जात होते. मंदीत हा आकडा ४६.६ वर आला. कापडचोपडाचा वाटा ९.६ वरून ७.७५ झाला. पण खोलीभाड्याचा वाटा ७.७ वरून १२.८ झाला आणि किरकोळ खर्चाचा १८.५ वरून २५.६. या ‘किरकोळ’ रकान्यात कर्जाचे व्याजही धरलेले आहे.

अन्नावरचा वाटा घटला की माणसे सुखात आहेत, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. इथे तसे नव्हते. धान्य स्वस्त झाले म्हणून तो आकडा खाली आला. जे वाचले ते घरमालकाच्या आणि सावकाराच्या हाती गेले, कारण भाडे आणि व्याज बाजारभावाबरोबर उतरत नाहीत. मंदीतल्या काटकसरीचा हा पहिला धडा आहे. ज्यावर आपला हात चालत नाही तो खर्च तसाच राहतो आणि ज्यावर चालतो तो खर्च, म्हणजे ताट, दिवा आणि कपडा, कापला जातो.

शिवाय कापायला तरी किती शिल्लक होते? पहिल्या पाहणीचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके आहे, पण तुरुंगातील कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी आहे, असा निष्कर्ष त्यात निघाला होता. म्हणजे बऱ्या दिवसांतच ही स्थिती. मंदीत गिरण्या बंद पडू लागल्या, पगार कापले गेले. एप्रिल १९३४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सार्वत्रिक संप केला, तो या कपातीविरुद्धच. मदनपुऱ्यातील मोमीन विणकर आणि गिरणगावातील कोकणी, घाटी कामगार एकाच खात्यात काम करत होते आणि ही कपात सर्वांच्याच घरी पोहोचली होती.

पण या दोन्ही पाहण्या मुंबई शहराच्या. गावी राहिलेल्या बायकांची चूल त्यांच्या तक्त्यांत येत नाही. ती आम्हाला दादीच्या बोलण्यातूनच ऐकायला मिळाली.

ती सांगे त्या काटकसरीला एक क्रम होता. पहिल्यांदा घासलेट गेले. मगरिबनंतर दिवा फक्त जेवणापुरता. मग साखर गेली, चहात गूळ आला आणि पुढे चहाच गेला. मग नवा कपडा गेला, एक ईद जुन्या कपड्यांना धुऊन, कांजी लावून साजरी झाली. मग तांदळाच्या भाकरीची जागा नाचणीच्या भाकरीने घेतली, दुपारी पेज आणि तोंडी लावायला भाजलेली सुकट. इथपर्यंतची काटकसर सर्वांना दिसत होती. पुढची दिसत नव्हती. पुरुष आणि मुले जेवून उठल्यावर भांड्यात उरेल ते बायकांनी खायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. भांड्यात काही उरेनासे झाले, तरी रीत बदलली नाही. “आज भूक नाही” हे वाक्य त्या काळात आपल्या किती स्वयंपाकघरांत उच्चारले गेले असेल! कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात या वाक्याला रकाना नाही.

आणि शेवटी सोने. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णमान सोडला. रुपया स्टर्लिंगला एक शिलिंग सहा पेन्स या दराने बांधलेला होता, त्यामुळे स्टर्लिंगबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत उतरला. तोळ्याला एकवीस-बावीस रुपये असलेला भाव बघता बघता तिशीकडे गेला आणि पुढे तिशीही ओलांडून गेला. धान्याचा भाव पडलेला आणि सोन्याचा चढलेला, अशा वेळी धारा, व्याज आणि मीठमिरची यांची तोंडमिळवणी करायला घरात विकण्याजोगी एकच वस्तू होती. देशभरातून दागिने सराफांकडे आले, वितळून लगडी झाल्या आणि मुंबई बंदरातून बोटींनी विलायतेला गेल्या. १९३१ पासूनच्या त्या दशकात तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने हिंदुस्थानातून बाहेर गेले. लोक चढ्या भावाचा फायदा घेत आहेत, असे सरकार म्हणत होते. हे नाइलाजाचे सोने आहे, त्याची निर्यात थांबवा, असे राष्ट्रीय पुढारी आणि अर्थतज्ज्ञ म्हणत होते. निर्यात थांबली नाही.

दोन्ही बाजू ‘लोक’ असा शब्द वापरत होत्या. पण सोने कोणाचे होते? पाटल्या, बुगड्या, काळ्या मण्यांच्या पोतीतले सोन्याचे मणी यांतले जवळजवळ सगळे बायकांचे. काही माहेरचे, काही मेहेरपोटी आलेले. आपल्या शरियतीत यावर संदिग्धता नाही. मेहेर हा पत्नीचा हक्क आहे. माहेरहून आलेला दागिना तिचा आहे आणि घर चालवण्याची जबाबदारी नवऱ्याची आहे. नवऱ्याने तिचे सोने घरखर्चासाठी घेतले, तर तिने राजीखुशीने माफ करेपर्यंत ते त्याच्यावरचे कर्ज असते. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्या फिकहात नेहमीच्या वापरातील दागिन्यावर सर्वसाधारणपणे जकात धरत नाहीत, कारण तो साठा नव्हे, अंगावरची वस्तू. जकातीतून सुटलेला हा दागिना सराफाच्या तराजूतून मात्र सुटला नाही.

सव्वापाच तोळ्यांचे तिशीच्या भावाने दीडशेहून थोडे अधिक रुपये होतात. १९३२-३३ च्या पाहणीत मुंबईच्या कामगार कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत सुमारे पन्नास रुपये होती. म्हणजे आमच्या दादीच्या पाटल्यांनी घराला तीन महिन्यांचा पगार दिला आणि गावातल्या काटकसरीने तो वर्षभर पुरवला. “भाव चांगला आहे, आता विकू, नोकरी लागली की नव्या करू,” असे दादा म्हणाले होते. नोकरी लागली. पण दुसऱ्या महायुद्धात सोन्याचा भाव त्याच्या दुपटीवर गेला आणि पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत. दादा खोटे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. ते विसरले. त्यांना तांदळाचा भाव आठवत राहिला आणि दादीला सोन्याचे वजन.

याच काळात, याच कोकणात, काटकसरीचे दुसरेही एक उदाहरण घडले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेत पडीक, घरात धान्य नाही. कुळांच्या घरांनी रानातली लाकडे विकून, खाडीतली मासळी धरून सहा वर्षे काढली. पोटाला चिमटा तिथेही होता आणि बायकांच्या वाट्याला तो कमी आला असेल असे नाही. पण का सोसायचे हे सगळ्या गावाने मिळून ठरवले होते आणि मागणी उघड होती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, १९३९ मध्ये कुळकायदा झाला. कोकणातल्या खोतांत काही मुसलमानही होते, हे आपण इथे लपवू नये. चरीच्या घरांनी जे सोसले त्याची कायद्याला दखल घ्यावी लागली. आमच्या घरातल्या दादीने जे सोसले त्याची दखल घरानेही घेतली नाही.

त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या स्त्रियांसाठी दोन कायदे आले. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढीपेक्षा शरियतीतला वारसाहक्क वर धरला, मात्र शेतजमीन त्यातून वगळली. १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्याने दोन वर्षे पोटगी न देणाऱ्या नवऱ्यापासून फारकत मागण्याचा हक्क पत्नीला दिला. कागदावर हक्क आला. पण मोडलेल्या दागिन्याचा हिशेब मागायला बाई न्यायालयात जात नाही. तो घरातच द्यावा लागतो.

हे सारे जुने म्हणून सोडून देता येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि भिवंडी-मालेगावचे माग थांबले, आखातातली माणसे परतली, रिक्षा दारात उभ्या राहिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्यावरील कर्जाची मर्यादा दागिन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत वाढवली. ही सवलत मार्च २०२१ पर्यंत होती. तारण ठेवण्याच्या रांगेत पुरुष उभे होते आणि पिशवीतला दागिना बहुधा घरच्या बाईचा होता. नव्वद वर्षांनी रांग तीच, फक्त सराफाच्या पेढीऐवजी कर्जकंपनीचे कार्यालय.

वाईट दिवस आले की काटकसर करावीच लागते. उधळपट्टीचे लग्न, दिखाऊ दावत, हप्त्यांवरची गाडी यांवर आपल्या सभांतून भाषणे होतात, ती योग्यच आहेत. पण काटकसर कुठे करावी एवढेच आपण बोलतो. कोणी केली आणि तिचे देणे कोणावर राहिले, हे बोलत नाही. घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज यांच्या शेजारी आणखी एक पान असावे. कोणाचा दागिना कधी गेला, वजन किती, कोणत्या भावाने, कशासाठी, आणि परत कधी, हे त्यावर लिहावे. बाई राजीखुशीने माफ करणार असेल, तर तेही तिने स्वतःच्या हाताने लिहावे.

आम्ही आमच्या घरच्या वहीत असे पान उघडले आहे. दादा-दादी दोघेही आज नाहीत. तरी पहिली नोंद तिच्याच नावाची आहे: पाटल्या, सव्वापाच तोळे, येणे बाकी.