हत्याराचा हक्क आणि गैरहजर मराठवाडा

पिस्तुलाचा परवाना हवा असेल तर जालन्यातला माणूस आज जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करतो, मग पोलिसांची चौकशी होते, आणि पुष्कळदा नकार येतो. यात कोणाला वावगे वाटत नाही. पण शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क असावा, अशी दुरुस्ती आपल्या घटना समितीत मांडली गेली होती. ती डिसेंबर १९४८च्या आरंभी. निजामाच्या राज्यातून सुटून जालन्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

या मागणीचे मूळ १८७८च्या शस्त्र कायद्यात आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. हा अपमान मवाळांनाही झोंबत होता. १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत त्याचीच आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. जो तो बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेऊ लागला तर राज्य चालायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती पडली.

त्या सभागृहात हैदराबाद संस्थानचा एकही प्रतिनिधी नव्हता. ज्या मुलखाने या प्रश्नाची झळ नुकतीच सोसली होती, तोच गैरहजर! जालन्याचा कोणी तिथे असता तर काय बोलला असता? रझाकारांच्या हाती बंदुका होत्या आणि सरकारचा वरदहस्त होता. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून हैदराबादला विमानाने शस्त्रे पोहोचवत होता. गावकऱ्याकडे मात्र काठी आणि कुऱ्हाड. तो बहुधा कामतांच्या बाजूने उभा राहिला असता.

पण गोष्ट इथे संपत नाही. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, गुरखा पलटणीची एक तुकडी जालन्यात थांबली, पाच दिवसांत निजाम शरण आला. पुढे नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात फिरून जे नोंदवले ते आपण मुक्तिदिनाच्या भाषणांत सहसा ऐकत नाही. मुसलमानांची हत्यारे काढून घेतली गेली, हिंदूंकडची अनेक ठिकाणी तशीच राहिली, आणि कत्तली झाल्या. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. अहवाल कित्येक वर्षे दडून राहिला. आंबेडकरांचा युक्तिवाद मला पटतो. मात्र हत्यार काढून घेणारा हात सर्वांना सारखा लागला पाहिजे, हे त्यात गृहीत आहे. १९४८ साली मराठवाड्यात तो आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने वाकडा पडला.

पुढचा इतिहास कोरडा आहे. शस्त्रे हा विषय घटनेने केंद्राच्या यादीत घातला. त्यामुळे अमेरिकेसारखे राज्यागणिक वेगळे बंदूक कायदे आपल्याकडे नाहीत. १९५९चा कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. छुप्या हत्याराची आपली जुनी तऱ्हा म्हणजे काठीतली गुप्ती. तीही त्याच्या नियमांत तलवारीच्या रांगेत बसली. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. राज्याच्या हाती उरले ते मुख्यतः १९५१च्या पोलीस कायद्याचे कलम ३७. सणासुदीला, निवडणुकीला जालन्यात त्याचा आदेश निघतो, आणि त्यात तलवार, भाला, बंदूक यांच्याबरोबर साधी लाठीही असते.