दवबिंदू (वनस्पती)

दवबिंदू (शास्त्रीय नाव: ड्रॉसेरा बर्मानी) ही ड्रॉसेरेसी कुलातील कीटकभक्षी वनस्पती आहे. साताऱ्याजवळील कास पठारावर, नायट्रोजनची उणीव असलेल्या ओलसर मातीत ती पावसाळ्यात आढळते. पानांवरील केसांच्या टोकांशी दवासारखा चिकट द्राव चमकतो. त्यात कीटक अडकला की केस काही सेकंदांतच त्यावर वाकतात आणि पाचक रसाने त्याचे पचन होते.

घरात लावताना खत मुळीच घालू नये. पोषणाच्या हौसेनेच ही रोपे बहुधा दगावतात. नळाच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी पावसाचे साठविलेले पाणी कुंडीखालच्या ताटलीत ठेवावे. भरपूर उजेड आवश्यक असतो. चिलटाएवढा कीटक पुरतो. मांसाच्या तुकड्याने पान कुजते. वनस्पती अल्पायुषी असल्याने बी राखून ठेवावे लागते. जागतिक वारसा स्थळ असलेल्या कासवरून रोपे उपटून आणणे मात्र सर्वथा अनुचित होय.