पिंपळनेरचे रोशा तेल

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड १८८० साली निघाला. संपादक जेम्स कॅम्पबेल. महसूल, जाती, किल्ले, दुष्काळ यांच्या गर्दीत त्यात रोशा गवताच्या तेलावर थोडा मजकूर आहे. मी तो पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. खानदेशातले मुसलमान इतिहासाच्या पुस्तकांत भेटतात ते फारुकी सुलतान आणि असीरगडचा वेढा एवढ्यापुरतेच. इथे मात्र ते भट्टी पेटवताना, बांबूला दोर गुंडाळताना दिसतात.

रोशा हे डोंगरउतारावर आपसूक येणारे उंच गवत. विदर्भात त्याला तिखाडी म्हणतात. पाते चुरगाळले की गुलाबाशी नाते सांगणारा, पण जरा तिखट वास येतो. अत्तराच्या बाजारात आज त्याच्या तेलाला पामरोसा म्हणतात. पिंपळनेर हे या धंद्याचे मूळ ठिकाण. पावसाळा सरत आला, गवत पांढुरके दिसू लागले की तेल काढणारे मुसलमान कारागीर भिल्लांकडून ते विकत घेत. भट्ट्या गावात नसत, ओढ्याकाठी असत, कारण वाहते पाणी आणि जळण दोन्ही हाताशी हवे.

कृती अशी. जमिनीत खड्डा खणून चूल करायची. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई. तळाशी पाणी, वर काठोकाठ चिरलेले गवत. तोंडावर धातूचे झाकण ठेवून कडा गव्हाच्या कणकेने लिंपायच्या. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. ती फडक्यात गुंडाळलेली, वरून उडदाच्या पिठाचा लेप आणि दोराचे वेढे. नळीचे दुसरे टोक ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या बंद भांड्यात. वाफ तिथे थंड होऊन पाणी आणि तेल एकत्र साचे. भांडे भरत आले की हलू लागे. नळी काढायची ती खूण. मग ते सगळे तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचे आणि वर तरंगलेले तेल सावकाश काढून घ्यायचे.

कणीक, उडदाचे पीठ, बांबू, दोर, पाणी. आज रसायनशास्त्राच्या परिषदांत ‘हरित निष्कर्षण’ या नावाने जे मांडले जाते, त्यातली पहिली अट म्हणजे विषारी द्रावक नको. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे १९९८ साली मांडली, त्यात सुरक्षित द्रावकांचे एक तत्त्व आहे. ओढ्याकाठच्या या कारागिरांचा द्रावकाशी संबंधच नव्हता.

ही युक्ती चालते कशी, तेही पाहण्याजोगे आहे. रोशाच्या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल. नुसता तापवला तर तो सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळतो आणि तेवढ्या उष्णतेत गवत कधीच करपून गेलेले असते. पण पाणी आणि न मिसळणारे तेल एकत्र तापले की दोघांच्या वाफेचा दाब एकमेकांत मिळतो आणि ती जोडी १०० अंशांच्या आतच उकळते. पाण्याची वाफ तेलाला आपल्याबरोबर घेऊन निघते. हे गणित त्या कारागिरांनी मांडलेले नसेल, पण कढईत पाणी किती आणि आच किती हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या विद्येचे मूळ विचारले की आपल्याकडे लगेच इब्न सिनाचे नाव पुढे केले जाते. ऊर्ध्वपातनाचा शोध त्यानेच लावला, असे समाजमाध्यमांवर दर ईदला फिरते. मला हा अभिमान उथळ वाटतो. इब्न सिनाचा जन्म ९८० चा. त्याच्या शतकभर आधी बगदादमध्ये अल-किंदीने सुगंध आणि ऊर्ध्वपातनावर शंभराहून अधिक कृतींचा ग्रंथ लिहिला होता. ज्या उपकरणाला अरबीत ‘अंबीक’ म्हणतात, त्याचे नावही ग्रीकातून आलेले. अरबांचे खरे कर्तृत्व वेगळे आहे. प्रयोगशाळेतली ही क्रिया त्यांनी मोठ्या धंद्याची केली. इब्न खल्दून सांगतो की खलिफाला फार्स प्रांताकडून येणाऱ्या वार्षिक करात गुलाबपाण्याच्या ३०,००० बाटल्या असत. आपण ओव्याचा अर्क म्हणतो त्यातला ‘अर्क’ही अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. संस्कृतातला अर्क म्हणजे सूर्य किंवा रुईचे झाड, तो शब्द निराळा. भांड्याच्या आतून गळणाऱ्या थेंबांना घाम म्हणणारा माणूस नक्कीच भट्टीजवळ बसलेला असणार.

पिंपळनेरचे तेल कातडी बुधल्यांत भरून, बैलांवर लादून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई, किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला. पुढे तांबड्या समुद्राची बंदरे आणि मग इस्तंबूल. तिथे त्याला लिंबाचा रस आणि ऊन देऊन तिखटपणा कमी करत आणि बल्गेरियातल्या काझानलिकच्या गुलाब तेलात त्याची भेसळ होई. भट्टीत टाकण्याआधी गुलाबाच्या पाकळ्यांवर ते शिंपडतसुद्धा. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. म्हणजे भिल्लाने कापलेले, मुसलमान कारागिराने गाळलेले गवत पॅरिसच्या कुपीत गुलाब म्हणून विकले जात होते. खानदेशचे नाव त्या कुपीवर येण्याचा प्रश्नच नव्हता. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या याच जातीच्या गवताच्या तेलातून जिरॅनिऑल शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव ग्रंथांत आहे. ते असायलाच हवे. मला खटकते ती फक्त दुसरी बाजू कोरी असणे.

तरीही जुने ते सगळे निसर्गस्नेही, हे म्हणणे मला पटत नाही. कढई तासन्‌तास उकळायची तर लाकूड लागते आणि ते आसपासच्या जंगलातूनच येई. कनौजच्या अत्तरवाल्यांची देग-भपक्याची रीत याच कुळातली. तिथे भपक्यात चंदनाचे तेल असते आणि चंदनाची काय अवस्था झाली ते आपण पाहतोच. उलट बाजूने, १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातले गवत आणि लाकूड सरकारी ‘वनोपज’ ठरले. जंगल तुटण्याचा दोष भट्टीवाल्याच्या माथी मारणे सोपे झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी पडलेल्या झाडांची गोष्ट मागे पडली.

दरम्यान फ्रान्समधल्या ग्रासमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांचा सुगंध पेट्रोलियमजन्य द्रावकांनी काढायला सुरुवात झाली. मोगऱ्यासारखी नाजूक फुले वाफ सोसत नाहीत, म्हणून त्याला कारणही होते. पुढे हेक्झेन आले. ते स्वस्त आहे, पण सतत त्याच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या नसा निकामी करते. आता त्याला पर्याय म्हणून कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांवर आणि हवेच्या सुमारे ७४ पट दाबाखाली वापरतात. काम झाले की वायू उडून जातो, मागे काही उरत नाही. पद्धत उत्तम, यंत्र मात्र शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे.

रोशाला त्याची गरज पडली नाही. आज त्याची लागवड होते, शेतातच टाकी बसवून वाफेवर तेल काढतात. आणि तेल निघून गेलेले गवत वाळवून पुढच्या खेपेला त्याच टाकीखाली जळण म्हणून घालतात.